स्वतः शिकून बॅकएंडची फ्रीलान्स कामं कशी मिळवावीत

बॅकएंड म्हणजे वेबसाइटची किंवा अ‍ॅपची सर्व्हरवर चालणारी, पडद्यामागची बाजू. ती शिकायला आधी प्रोग्रामिंगची भाषा एकच धरा. पायथन, जावास्क्रिप्ट, गो, काहीही चालेल. दर महिन्याला बदलू नका म्हणजे झालं. खरा वेळ द्यायचा तो डेटाबेसला. पोस्टग्रेस हा डेटाबेस इन्स्टॉल करा, एका टेबलात १० लाख ओळी भरा आणि ईमेलवरून एक ओळ शोधा. क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ लावलंत की एका ओळीसाठी सगळं टेबल चाळलं जातंय हे दिसेल. मग त्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) टाकून तीच क्वेरी परत चालवा. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवा.

आता एक छोटी सेवा बांधा: ऑर्डर घेणारी, पैसे आल्याची नोंद ठेवणारी. ती सर्व्हरवर चढवून दोन-तीन महिने चालू ठेवा. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश करा, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात साठवा; गुप्त की (इतर सेवांचे पासवर्डसारखे कोड) गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, जाऊ देऊ नका. बॅकअप घ्या आणि तो रिस्टोअर होतो का तेही बघा. हे बहुतेक जण टाळतात.

वेबहुकपाशी जरा थांबा. पैसे आले की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) आपल्या सर्व्हरला आपणहून निरोप पाठवतो, तो वेबहुक. आपलं उत्तर वेळेत पोचलं नाही, तर पेमेंट गेटवे तोच वेबहुक पुन्हा पाठवतो. माझ्या पहिल्याच कामात त्यामुळे एका खरेदीच्या दोन ऑर्डरी पडल्या. नोंद आधीच आहे का, हे तपासणारा कोड घातला; तरी दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोन्हींना ‘नोंद नाही’ असंच दिसायचं. शेवटी डेटाबेसात इव्हेंट आयडीवर (वेबहुकसोबत येणाऱ्या ओळख क्रमांकावर) युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम, लावला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

पहिलं काम बहुधा कुणीतरी अर्धवट सोडलेल्या कोडची डागडुजी असतं. नाक मुरडू नका, घ्या. प्रस्तावात स्वतःची स्तुती नको; ग्राहकाची अडचण काय समजली आणि आधी काय तपासाल, एवढं लिहा. जुन्या कोडला ठोक भाव सांगू नका, आत काय दडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, तासावर घ्या. ठोक भावाचं काम असेल तर त्यात काय *येत नाही* तेही लिहून द्या आणि काही रक्कम आगाऊ घ्या.

सर्व्हर आणि डोमेन पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्याच खात्यावर असू द्या. काम सोपवताना रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) सेवा कशी सुरू करायची, लॉग (सेवा चालताना होणाऱ्या नोंदी) कुठे बघायचे, बॅकअप कुठे आहे हे लिहा, आणि त्यावरून ती एकदा कोऱ्या सर्व्हरवर उभी करून बघा.