स्वर्ल मार्क काढण्याचं काम: पॉलिशर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

काळी गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. त्या मुळात गोल नसतात. धुण्या-पुसण्यात पडलेले हजारो बारीक ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यातले जे दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेत असतात तेवढेच डोळ्यापर्यंत उजेड परतवतात, म्हणून वर्तुळ झाल्याचा भास होतो. दिवा हातभर सरकवून बघा, वर्तुळही त्याच्यामागे सरकतं. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात हेच बॉनेट नितळ दिसतं. या कामात येणाऱ्याने मशीन घेण्याआधी एका ठिपक्यातून प्रखर उजेड टाकणारी चांगली एलईडी बॅटरी घ्यावी. डोळा तयार झाला नाही तर हात कितीही बसला तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट पक्की समजून घ्या: पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणजे आपण रंग कमी करतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, आणि त्यातला सर्वात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचं काम हाच थर करतो, आणि एकदा गेला की परत रंगकामाशिवाय मिळत नाही. स्वर्ल मार्क जेमतेम काही मायक्रॉन खोल असतात, म्हणून ते काढता येतात. नख आडवं फिरवून बघा. नख अडकत असेल तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण घालवण्याच्या नादी लागू नका. त्याच्या कडा गोलसर झाल्या तरी तो निम्म्याने कमी दिसतो, तेवढ्यावर थांबणं शहाणपणाचं. गाडीच्या मालकाला हे काम घेतानाच सांगावं, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

जाडी मोजण्याचं मीटर असेल तर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी आकडे घ्या आणि लिहून ठेवा. नेहमीचं मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. एका दरवाजावर ११० आणि शेजारच्यावर २५० आला तर दुसरा दरवाजा बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. तो जाड आहे म्हणून बिनधास्त घासू नका, त्यातला क्लिअर किती हे कोणालाच दिसत नाही. ८० च्या खाली आकडा असेल तर फक्त फिनिशिंग पॉलिश, म्हणजे बारीक कणांचं, सर्वात कमी कापणारं पॉलिश. जुन्या गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसतोही. पांढऱ्या पॅडला गाडीचा रंग लागायला लागला तर एक तर रंग तसला एकथरी आहे, नाही तर तुम्ही क्लिअर कोट पार केला आहे. म्हणून ही तपासणी कोपऱ्यात हाताने थोडं पॉलिश चोळून आधीच करावी.

धुण्यात कसर नको. शाम्पूने धुतल्यावर लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मारा, तो जांभळा होऊन ओघळतो. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न लागणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तिथे भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरायचा नाही. क्लेनेही बारीक ओरखडे येतात, पण पुढे पॉलिश करायचंच आहे म्हणून चालतं. मग रबर, काळं प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग ओला असतानाच मागे ओढला जातो, त्यामुळे तिथला थर सपाट भागापेक्षा पातळ असतो. बॉनेटवरच्या उठावदार रेषांचंही तेच. रंग जळाल्याचं बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसतं ते कडेवरच.

नव्याने शिकणाऱ्याने ड्युअल ॲक्शन पॉलिशरच घ्यावा, हे आमचं ठाम मत. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय हेलकावे घेतो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी पॉलिशरचा पॅड हेलकावे न घेता नुसता गोल फिरतो. तो भराभर कापतो, पण पॅड जरा तिरका धरला की पत्रा तापतो, आणि हात कच्चा असेल तर उन्हात हलणारे होलोग्रामचे पट्टे मागे राहतात. १५ मिलिमीटर हेलकाव्याचं मशीन, ५ इंची प्लेट (पॅड चिकटवायची मशीनची चकती) आणि ५.५ इंची पॅड हा जोड मोठ्या पत्र्यांना पुरतो. खांब, आरशांच्या मागची जागा, नंबरप्लेटचा खळगा यांना ३ इंची पॅडचं छोटं मशीन लागतं. प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थबकली म्हणजे पॅड नुसता थरथरतोय, कापत काहीच नाही. वळणाच्या पत्र्यावर हे हमखास होतं. अशा वेळी दाब वाढवला तर पॅड आणखी अडकतो. दाब कमी करा, पॅड सपाट टेकवा.

आता चाचणीचा चौक. संपूर्ण कामाचा निकाल इथे लागतो. बॉनेटवर टेपने साधारण ४५ सेंटिमीटरचा चौक आखा आणि सर्वात सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ फोमचा पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. रेघा राहिल्या तर फक्त पॅड बदला, मधल्या कडकपणाचा घ्या. तरी राहिल्या तर द्रव बदला, कंपाउंड म्हणजे जास्त कापणारं पॉलिश घ्या. सर्वात शेवटी मायक्रोफायबर पॅड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाही तर कशाने काम झालं ते कळत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे रंग एक लोण्यासारखा मऊ, एक दगडासारखा कडक निघतात, त्यामुळे कालच्या गाडीची जोडी आजच्या गाडीला लागू पडेल असं गृहीत धरू नका.

नव्या पॅडवर आधी बोटाने थोडं पॉलिश पातळ चोळून त्याचा सगळा पृष्ठभाग भरून घ्या, मग वाटाण्याएवढे ४ ते ५ थेंब. पुढच्या प्रत्येक चौकाला २ ते ३ थेंब पुरतात. मशीन बंद असताना पॅड चौकभर टेकवून थेंब पसरवा, नाही तर सुरू करताच शिंतोडे काचेपर्यंत उडतात. वायर खांद्यावरून मागे टाका, ती पत्र्यावर घासली की नवा ओरखडा. पॅड पत्र्याला टेकवूनच मशीन सुरू करायचं आणि टेकलेलं असतानाच बंद करायचं. मशीनचा वेग १ वर ठेवून एक झटपट फेरी, मग ४ किंवा ५ वर. हात सेकंदाला ४ सेंटिमीटरच्या आसपास सरकावा. नवख्याला हा वेग असह्य संथ वाटतो, पण घाई इथेच नडते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. एक फेरी आडवी, एक उभी, अशा ४ फेऱ्या, म्हणजे एका चौकाला ४ ते ५ मिनिटं. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त, आणि शेवटच्या फेरीत नुसतं मशीनचं वजन.

नीट चाललंय हे मागे राहणाऱ्या थरावरून ओळखा. पॅडमागे पातळ, तेलकट, जवळजवळ पारदर्शक साय दिसली पाहिजे. पांढरी भुकटी उडत असेल तर द्रव सुकलाय: थेंब कमी पडले, पत्रा उन्हाने तापलेला आहे किंवा फेऱ्या जास्त झाल्या. लांब पांढरे फराटे उठत असतील तर द्रव जास्त झालाय. तो घर्षण होऊ देत नाही, आणि कापणं थांबतं.

प्रत्येक चौकानंतर मशीन सावकाश फिरवत पॅडवर ब्रश धरा. त्यात वापरलेलं पॉलिश आणि खरवडलेला रंग अडकलेला असतो. तो तसाच राहिला की पॅड आधी कापेनासा होतो, मग तापतो आणि शेवटी धूसरपणा सोडतो. एक-दोन पत्र्यांनंतर पॅड बदलाच, अख्ख्या गाडीला एका जातीचे ५-६ पॅड हाताशी हवेत. दोन पॅडांत गाडी उरकू पाहणाऱ्यांचं काम दुपारनंतर बिघडतं आणि ते मशीनला दोष देतात. डुकराच्या शेपटीसारखी एखादी खोल वळणदार रेघ अचानक उमटली तर पॅडमध्ये खडा शिरलाय. तिथेच थांबा, पॅड बाजूला काढा.

पुसताना स्वच्छ मऊ मायक्रोफायबर कापड, बिनाशिवणीच्या कडांचं. मग १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाण्यातलं मिश्रण हलकं फवारून पुन्हा पुसा आणि नंतरच बॅटरी मारून बघा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्यांना लपवतं. हे न पुसता गाडी दिली तर दोन-चार धुण्यांत जाळं परत दिसतं. कंपाउंडनंतर काळ्या मऊ रंगावर राखट झाक राहिली तर ती कंपाउंडच्याच अतिसूक्ष्म रेघांची असते. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशची दुसरी फेरी ती घालवते.

अधूनमधून उलटा हात पत्र्याला लावा. कोमट ठीक, चटका नको. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, म्हणून तिथे वेग आणि फेऱ्या दोन्ही कमी.

गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावण्याआधी भंगारातलं एक रंगीत बॉनेट मिळवा. निम्म्या भागावर चौकाचा सराव करा, आणि दुसऱ्या भागाच्या कडेवर मशीन मुद्दाम धरून ठेवून रंग जाळून बघा. किती सेकंद लागतात, पॅडला रंग कसा लागतो, चकाकी कधी मंदावते, वास कसा बदलतो, हे एकदा पाहिलेला माणूस कडेवर आपोआप हात हलका ठेवतो.

काम संपलं की वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावा, पण त्याआधी टेपच्या कडेला साचलेली भुकटी मऊ ब्रशने झटका. गाडी देताना मालकाला दोन बादल्यांची रीत करून दाखवा: एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी, वरून खाली धुणं, आणि वाळवताना कापड न रगडता नुसतं टेकवून उचलणं. कोरडी धूळ फडक्याने झटकायची नाही, हे खास बजावा. आणि वहीत त्या गाडीपुढे लिहून ठेवा: कोणता पॅड, कोणतं पॉलिश, किती फेऱ्या, प्रत्येक पत्र्याचे आधीचे आणि नंतरचे मायक्रॉन.