कर्ता माणूस गेल्यानंतरचे कागद: आधी कोणता, नंतर कोणता

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात हातावर पोट असलेल्या घरातला कर्ता माणूस गेला, की तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा असते आणि चौदाव्या दिवशी त्या घरातली बाई एकटी तहसील कार्यालयाची पायरी चढते. सरकारी मदतीच्या योजना तिच्यासाठी आहेत. पण कागदांचा क्रम चुकला तर प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून येथे क्रमावरच भर दिला आहे.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी आणि ती मृत्यू जेथे झाला तेथेच होते. आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण शेवटी मिरजेच्या दवाखान्यात नेले जातात. तेथे मृत्यू झाला असेल तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत नव्हे, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत मिळतो. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात आणि घर सोडण्यापूर्वी त्यावरचे नाव आधारवरील नावाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. सीमेपलीकडून, अथणी किंवा विजापूरकडून, सून म्हणून आलेल्या बाईच्या आधारवर बहुधा माहेरचे नाव असते आणि रेशनकार्डावर सासरचे. हा फरक कोणताही अर्ज करण्यापूर्वीच आधार केंद्रावर दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक कागद याच नावावर उभा राहतो.

त्यानंतर रेशनकार्ड. मयताचे नाव कमी करताना, घरात आपल्याहून वडील स्त्री नसेल तर, कुटुंबप्रमुख म्हणून आपले नाव लावून घ्यावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, म्हणजे एक नाव कमी झाले की तेवढे धान्य घटते. अंत्योदय कार्डावर, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या कार्डावर, मात्र माणसे कितीही असली तरी ३५ किलो मिळते. उत्पन्नाची शाश्वती नसलेले विधवेचे कुटुंब अंत्योदयच्या निकषात बसते, म्हणून नाव कमी करण्याच्या अर्जासोबतच अंत्योदयचाही अर्ज द्यावा. इष्टांकात, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्डसंख्येत, जागा नसेल तर थांबावे लागते, पण अर्जच दिला नाही तर जागा झाल्यावरही नाव निघत नाही.

सर्वाधिक अर्ज अडतात ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेत. ६५ वर्षांखालील विधवेला यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. वय त्याहून अधिक असेल तर वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत अर्ज करावा. महाराष्ट्रात किमान १५ वर्षे रहिवास आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी आहेत. ही मर्यादा दिवसाला ५८ रुपयांच्याही आत येते, आणि वर्षानुवर्षे ती तशीच ठेवणे मला अन्यायाचे वाटते. पण अर्ज आजच्या अटीवरच तपासला जातो. आमच्या शेजारच्या ताईंनी मुलीच्या शाळेसाठी पूर्वी काढलेला ६०,००० रुपयांचा उत्पन्नाचा दाखला अर्जाला जोडला होता. तो नवरा टेम्पो चालवत असतानाचा होता. अर्ज नामंजूर होऊन परत आला आणि तीन महिने वाया गेले. म्हणून दाखला नव्याने काढावा आणि तलाठ्यांना (त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असले तरी गावात तलाठीच म्हणतात) कमावता माणूस गेल्याचे सांगून मृत्यूचा दाखला चौकशीच्या वेळीच दाखवावा. हे अनुदान सुरू झाले की लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत, हेही आधी ध्यानात घ्यावे.

अनुदान मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. कधी काळी बचत गटासाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात सहा-सहा महिन्यांचे हप्ते साचलेले मी पाहिले आहेत. बँकेत जाऊन ‘माझे आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) कोणत्या खात्याला जोडलेले आहे’ एवढेच विचारावे.

आणखी दोन अर्ज सोबतच द्यावेत. मयताचे वय १८ ते ५९ च्या दरम्यान असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा अर्जही तहसीलमध्येच द्यायचा. १८ वर्षांखालील मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात, पण ते सरकारी खाते वेगळे: अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे सांगलीला जातो. मुलाचा शाळेचा बोनाफाईड दाखला, आई-मुलाचे आधार आणि मृत्यूचा दाखला सोबत न्यावा.

प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की हप्ता कळवल्याशिवाय थांबतो, तेव्हा गेल्या वर्षीची पोच या सगळ्या कागदांच्या पिशवीतच जपून ठेवावी.