इंजिनिअर्ड लाकडी फ्लोअरिंग: फळी निवडण्याआधी जमीन तपासा

इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर असतो आणि खाली प्लायवूडचा किंवा एचडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या घट्ट बोर्डाचा) गाभा. प्लायवूडच्या थरांचे धागे एकमेकांना काटकोनात असल्यामुळे अशी फळी भरीव लाकडाइतकी फुगत नाही. तरी ती थोडी फुगते आणि आकसतेच, आणि बसवताना होणारे बहुतेक घोळ हे विसरल्यामुळे होतात.

दुकानात १४ किंवा १५ मिमी ही एकूण जाडी आधी सांगतात. तुम्ही वरच्या थराची जाडी विचारा. ०.६ मिमीचा थर घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. ३ ते ४ मिमीचा दोन-तीनदा तरी घासता येतो. लॅकरचा, म्हणजे वर कडक लेप दिलेला पृष्ठभाग सांभाळायला सोपा, पण खोल ओरखडा नुसता तेवढाच बुजवणं अवघड. तेल दिलेल्या लाकडाची तेवढीच जागा दुरुस्त होते, मात्र ठरावीक काळाने तेल पुन्हा द्यावं लागतं. बाथरूमसाठी दोन्ही नकोत.

आता जमीन. दोन मीटरची सरळ पट्टी टेकवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासा, खळगा सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंडने (ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या मिश्रणाने) भरा. जाड अंडरले (फळ्यांखाली पसरायचा मऊ थर) टाकून खळगा झाकायची युक्ती अजिबात करू नका. पाय पडला की तिथे फळी दबते, काही महिन्यांत फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या लॉकची जीभ तुटते आणि सांधा करकरायला लागतो. जुन्या टाइल्सवर बसवायचं असेल तर प्रत्येक टाइल ठोकून पाहा. पोकळ वाजणारी काढून जागा भरून घ्या.

ओल तपासायला साधारण ५० सेंमीचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान एक दिवस ठेवा. खाली थेंब जमले किंवा सिमेंट काळपट दिसलं तर थांबा. तुकडा कोरडा निघाला म्हणून खात्री होतेच असं नाही, त्यामुळे नव्या कोब्यावर ओल मोजायच्या मीटरनेही तपासून घ्या.

फळ्यांची खोकी न उघडता, आडवी, त्याच खोलीत ४८ ते ७२ तास ठेवा. माल क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त घ्या. हेरिंगबोनसाठी, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या नक्षीसाठी, १५ टक्के. लावताना तीन-चार खोक्यांतल्या फळ्या मिसळत चला, नाहीतर रंगाचे पट्टे उमटतात.

तरंगत्या पद्धतीत, म्हणजे जमिनीला न चिकटवता, सिमेंटवर आधी २०० मायक्रॉनचं पॉलिथीन पसरा. जोडावर २० सेंमी एकमेकांवर चढवून टेप लावा, मग २-३ मिमीचा अंडरले. अंडरलेलाच ओलरोधक थर असेल तर पॉलिथीन लागत नाही.

पहिली ओळ लावण्याआधी गणित करा. खोली ३२८० मिमी रुंद आणि फळी १९० मिमीची असेल, तर दोन्ही भिंतींकडे १०-१० मिमी सोडून ३२६० उरतात. सतरा फळ्या ३२३० व्यापतात, म्हणजे शेवटी ३० मिमीची चिंधी येते. ती बसवणं त्रासाचं आणि दिसायलाही वाईट. म्हणून सोळा अख्ख्या फळ्या घ्या आणि पहिली व शेवटची ओळ ११० मिमीची कापा.

शेजारच्या ओळींतले टोकाचे सांधे किमान ३० सेंमी पुढे-मागे ठेवा. फळीवर थेट हातोडी मारू नका, मध्ये ठोकळा धरा. भिंतीच्या बाजूने १०-१२ मिमी फट सगळीकडे हवी: खांबाभोवती, पाइपभोवती, दाराच्या चौकटीपाशीही. चौकट खालून करवतीने कापून फळी तिच्याखाली सरकवा, पण आतही फट ठेवा. दोन खोल्यांमध्ये दारात टी-प्रोफाइल (फट झाकणारी टी आकाराची पट्टी) द्या. स्कर्टिंगचे खिळे भिंतीतच मारा. ते फळीत गेले तर जमीन अडकते, आणि हवा दमट झाली की मधोमध फुगवटा येतो. स्वयंपाकघरातली जड कपाटं स्क्रूने तरंगत्या फळ्यांवर पक्की केली तरी हेच होतं. शेवटी दाराचा खालचा भाग रंध्याने कमी करावा लागेल. जुन्या जमिनीवर साधारण १७ मिमी उंची वाढलेली असते.

पुसताना पोछा पिळून घ्या. वाफेचा मॉप वापरू नका.