गवताने शाकारलेलं इंग्लिश घर दुरुस्त करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्डजवळ शॉटरी गावात शेक्सपिअरच्या बायकोचं, ॲन हॅथवेचं माहेर आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १४६३ च्या सुमाराचा. लाकडी सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, वर गवताचं जाड छप्पर. अशी घरं शतकानुशतकं टिकली, कारण आत गेलेला ओलावा त्यांना बाहेर टाकता येतो. आपण दुरुस्तीला हात घालतो आणि नेमकी तीच वाट बुजवतो.

सर्वांत घातक चूक सिमेंटची. काठ्यांच्या विणीवर माती, शेण आणि पेंढ्याचा लेप, म्हणजे थेट आपला कोकणातला कूड. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की लाकूड आणि गिलाव्याच्या फटीतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. बाहेरून भिंत लख्ख दिसते. जोत्यावरच्या ओकच्या तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, भिजलेल्या गुळाच्या ढेपेत जावा तसा आत जातो. उपाय एकच: सिमेंट हलक्या हाताने काढा, भिंत सावकाश वाळू द्या, कुजलेलं लाकूड बदला आणि चुन्याचा गिलावा करा. वाळायला महिने लागतात. तेवढा धीर धराच.

छप्पर गळलं की सगळं उतरवायची घाई होते. आधी धुराड्याभोवतीचा सांधा आणि आढं तपासा. आढ्यावरचा थर साधारण १०-१५ वर्षांत झिजतो, बाकीचं छप्पर पुष्कळदा धडधाकट असतं. दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या थरावरच नवा शाकारत. डेव्हनमधल्या काही घरांत तळाचा पेंढा धुराने काळा झालेला सापडतो, धुराडी येण्याआधीच्या उघड्या चुलीचा. मध्ययुगातला गहू असा हाताला लागतो! तो कचऱ्यात टाकू नका.

आगीला गृहीत धरू नका. १९६९ मध्ये शॉटरीचं हे घरही आगीत होरपळलं. ओली लाकडं जाळू नका, धुराडं नियमित साफ करा.

लाकडाला काळाकुट्ट रंग देणं ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस. ओक तसाच राखाडी शोभतो. घर संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय त्याच्या रूपाला हात लावणं गुन्हा ठरतो.

आणि वळचणीखाली बघा. या छपरांना बहुधा पन्हळ नसते, पाणी थेट जमिनीवर पडतं. भिंतीला टेकून फुलांचे वाफे केले असतील तर ते आजच भिंतीपासून लांब सरकवा.