एमएसपीकरवी स्कॉटलंडच्या सरकारला पर्यावरणावर प्रश्न विचारताय? मग या चुका टाळा

सुरुवातीलाच सांगतो, इथे एमएसपी म्हटलं की हमीभाव डोक्यात आणू नका. एमएसपी म्हणजे एडिंबराच्या होलीरूड संसदेतले आमदार. एकूण १२९ आहेत आणि गंमत म्हणजे स्कॉटलंडमधे राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात, एक मतदारसंघाचा आणि सात प्रादेशिक यादीतले. आपल्यासारखे भारतीय पासपोर्टवाले, अगदी व्हिसावर असलेलेसुद्धा, यांना मत देऊ शकतात, त्यामुळे "आपण कुठे इथले" म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही.

पहिली चूक माझीच सांगतो. पार्कात फुटक्या बाटल्यांच्या काचा, मुलीच्या बुटाच्या तळव्यात एक घुसली, मी घरी येऊन तावातावाने तीन पानी ईमेल लिहिलं आणि पाठवलं कुणाला, तर लंडनच्या संसदेतल्या आमच्या खासदाराला! ती बाटल्यांची डिपॉझिट योजना येणार होती ना, बाटली किंवा कॅन घेताना २० पेन्स जादा द्यायचे आणि रिकामी परत केली की ते परत मिळणार (आपल्याकडे सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट असायचं, तसंच), ती कधी येणार असं विचारलं होतं. खासदाराच्या ऑफिसमधून उत्तर आलं, हा विषय स्कॉटिश सरकारचा. मग एमएसपीला लिहिलं तर तिकडून, लंडनने अडवलंय. म्हणजे मी टोलवाटोलवीतला चेंडू. आणि वैताग असा की दोघांचंही अर्धंअर्धं खरंच होतं.

विषय कुणाचा ते न बघता विचारणं

१९९८ च्या स्कॉटलंड कायद्यात पाचवं परिशिष्ट आहे, ती यादी उलटी वाचायची. यादीत जे आहे ते लंडनचं, जे नाही ते एडिंबराचं. पर्यावरण यादीत नाही, म्हणून ते होलीरूडकडे. तेल-वायू आणि अणुऊर्जा यादीत आहेत, पण बांधकामाच्या परवानग्या एडिंबराकडे असल्यामुळे स्कॉटिश सरकार नव्या अणुप्रकल्पाला तिथून नाही म्हणू शकतं, असा सगळा गुंता.

त्यामुळे होलीरूडमधे "नॉर्थ सीमधे नवीन तेलाचे परवाने का देता" असं विचारलं तर मंत्री आनंदाने म्हणणार, आम्ही देतच नाही. विचारायचं असं की या परवान्यांबद्दल यूके सरकारशी शेवटचं कधी बोललात आणि काय मागितलंत. ते बोलणं हे त्यांचं स्वतःचं काम, तिथे "आमचा विषय नाही" चालत नाही.

बाटल्यांच्या योजनेत हीच गडबड मोठ्या प्रमाणावर झाली. नियम २०२० मधे मंजूर झाले, सुरू व्हायचं होतं जुलै २०२२ ला, मग ऑगस्ट २०२३, मग मार्च २०२४. त्यात २०२० चाच यूकेचा इंटर्नल मार्केट कायदा आडवा आला, म्हणजे एका भागात विकायला चालणारी वस्तू बाकी भागांतही चालली पाहिजे, म्हणून या योजनेला लंडनकडून सूट लागणार होती. मे २०२३ मधे सूट मिळाली पण काचेच्या बाटल्या वगळून, आणि जूनमधे मंत्री लोर्ना स्लेटर यांनी योजना ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुढे ढकलली. आता इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडबरोबर ऑक्टोबर २०२७ म्हणतायत.

त्या सगळ्या काळात विरोधक विचारायचे तयारी का नाही, सरकारी बाजूचे विचारायचे ही लंडनची आडकाठी नाही का. माझ्या मते दोन्ही प्रश्न वाया गेले, कारण दोन्हींची उत्तरं सगळ्यांना आधीच पाठ होती. खरं विचारायला हवं होतं की सूट उद्या हातात पडली तरी कुठली कामं बाकी राहतात आणि त्यातल्या प्रत्येकाची तारीख काय.

"कटिबद्ध आहात का?"

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. आपल्या विधानसभेतल्या तारांकित प्रश्नात "हे खरे आहे काय" आणि त्यावर "हे अंशतः खरे आहे" असतं ना, त्याचा स्कॉटिश भाऊ. २०१९ च्या कायद्यात लिहिलं की १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन ७५ टक्क्यांनी कमी करणार आणि २०४५ ला नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडू तेवढंच शोषून घेणार. ग्रीन पक्ष सोडून बाकी पक्षांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सभागृहात कुणी विचारलं की सरकार ध्येयाशी कटिबद्ध आहे का, तर उत्तर ठरलेलं, हो, पूर्णपणे कटिबद्ध आहोत. आणि तिकडे १२ वर्षांपैकी ८ वर्षांचं वार्षिक लक्ष्य हुकलेलं! मार्च २०२४ मधे सरकारला सल्ला देणाऱ्या स्वतंत्र क्लायमेट चेंज कमिटीने सांगितलं की २०३० चं ध्येय आता विश्वासार्ह राहिलेलं नाही, १८ एप्रिलला मंत्री मायरी मॅकॲलन यांनी ते सोडत असल्याचं जाहीर केलं, २५ तारखेला फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे तिथले मुख्यमंत्री) हुमझा युसुफ यांनी ग्रीन पक्षाबरोबरचा सत्तेतला करार मोडला आणि २९ ला त्यांनाच राजीनामा जाहीर करावा लागला. नोव्हेंबरात नवीन कायदा करून वार्षिक लक्ष्यांच्या जागी पाच-पाच वर्षांची कार्बन बजेटं (त्या काळात एकूण किती उत्सर्जन चालेल याची मर्यादा) आणली, २०४५ मात्र तसंच ठेवलं.

मग विचारायचं काय? ध्येय सोडा, हिशोब मागा. कुठल्या योजनेतून, कुठल्या वर्षी, किती टन कमी होणार, आणि ती योजना लांबली तर ते टन कुठून भरून काढणार.

प्रश्नात भाषण घुसवणं

होलीरूडच्या नियमात प्रश्न छोटा आणि स्पष्ट हवा, आणि त्यात स्वतःचं मत नको. "निष्काळजी सरकार आमच्या दलदली का मारतंय" हे एमएसपीने दिलं तर तिथल्या चेंबर डेस्कवरून, म्हणजे प्रश्न दाखल करून घेणाऱ्या कार्यालयातून, परत येणार. हेच नीट करून बघू. पीट म्हणजे दलदलीतली ती काळी माती, तिच्यात प्रचंड कार्बन साठलेला असतो, आणि सरकारने २०३० पर्यंत २,५०,००० हेक्टर पीट दुरुस्त करायचं म्हटलंय, दहा वर्षांत २५ कोटी पौंड देऊन. तर प्रश्न असा: "स्कॉटिश सरकारला विचारायचं की २०२०-२१ पासून दरवर्षी किती हेक्टर पीट दुरुस्त झालं, त्या वर्षीचं लक्ष्य किती होतं आणि किती पैसे खर्च झाले." संपलं. राग तुमच्या ईमेलमधे ठेवा, प्रश्नात नको.

आकडे तोंडी मागणं आणि कोंडी लेखी करणं

हे उलटं करतात लोक. आकडे लेखी प्रश्नाने मागायचे (आपल्या अतारांकितसारखं), उत्तर साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत येतं आणि त्याला एस६डब्ल्यू अशा धर्तीचा नंबर असतो, म्हणजे सहावी संसद (२०२१-२६), लेखी. तोंडी प्रश्न मात्र मंत्र्याला आधीच कळलेला असतो, तो फाईलमधून उत्तर वाचून दाखवतो, त्यात कसली कोंडी? खरी मजा उपप्रश्नात, तो त्याला माहीत नसतो. म्हणून लेखी उत्तरातला आकडा खिशात ठेवून उपप्रश्नात काढायचा. गुरुवारी दुपारी बाराला फर्स्ट मिनिस्टरचे प्रश्न असतात, ते एकदा नुसते बघा, पहिला प्रश्न किती बुळबुळीत असतो आणि दुसऱ्याला आवाज कसा बदलतो ते.

उत्तर अडकलं तर

"ही माहिती सरकारकडे एकत्रित नाही" असं आलं तर हिरमुसू नका, मग ती कुणाकडे आहे हा पुढचा प्रश्न. ती ज्या संस्थेकडे आहे, समजा सेपा (प्रदूषणावर लक्ष ठेवणारी) किंवा नेचरस्कॉट (निसर्ग सांभाळणारी सरकारी संस्था), तिच्याकडे २००४ च्या पर्यावरण माहिती नियमांखाली तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, एमएसपी लागत नाही, मुदत २० कामकाजाचे दिवस. आणि "शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ" असं नुसतं तात्पुरतं उत्तर आलं तर ते उत्तर समजून फाईल बंद करू नका, नंबर लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी एमएसपीच्या ऑफिसला आठवण करा, कारण त्यांच्याकडे असे शंभर नंबर असतात.

पाठवायच्या आधी संसदेच्या साईटवर शोधून बघा, तोच प्रश्न कुणी आधी विचारलेला असतो, मग त्याच्या उत्तरात जे सुटलंय तेवढंच विचारायचं. माझं दुसरं ईमेल पाच ओळींचं होतं, जुन्या उत्तराचा नंबर टाकून. फक्त जुलैत पाठवलं, संसदेच्या सुट्टीत मुदत दहाची वीस दिवस होते हे तेव्हा माहीत नव्हतं, उत्तर यायला ऑगस्ट उजाडला.