कुंडीतल्या टोमॅटो-मिरचीला खत कधी आणि किती द्यावे?

शेतात मुळे खोल जाऊन अन्न शोधतात, कुंडीत त्यांना जायला जागाच नसते. शिवाय रोजच्या पाण्याबरोबर विरघळलेले नत्र (नायट्रोजन) तळाच्या भोकातून निघून जाते. म्हणून कुंडीला खत थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे लागते.

माती भरताना

टोमॅटोला १४ इंची कुंडी घ्या, मिरचीला १० ते १२ इंची पुरते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा जुने शेणखत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट एकत्र करा. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत काळे, भुसभुशीत आणि वास न येणारे हवे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) येते आणि त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात.

वाढ सुरू झाल्यावर

दर पंधरा दिवसांनी वरची माती हलकेच उकरून दोन मुठी गांडूळखत घाला आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन करा. शेंगदाणा पेंड दोन दिवस भिजवून, फिक्या चहाच्या रंगाइतकी पातळ करून दिली तर फरक लवकर दिसतो. वास मात्र जबरदस्त येतो, तेव्हा फ्लॅटच्या बाल्कनीत झाकण लावूनच भिजवा.

फुले दिसू लागली की नत्राचा हात आखडता घ्या. नाहीतर झाड नुसते पानांनी माजते, फुले गळतात आणि लुसलुशीत शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो. या टप्प्यावर महिन्यातून एकदा चमचाभर लाकडाची राख पुरे. ती अल्कधर्मी असते, म्हणून जास्त नको.

आधी पान वाचा, मग खत द्या

खालची जुनी पाने सगळीकडून पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश (पोटॅशियम) कमी असल्याचा संशय घ्या. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर मुळांना लोह मिळत नाही. मातीत लोह असूनही, पाणी साचल्यामुळे किंवा बोअरच्या क्षारांमुळे असे होते. अशा वेळी खत ओतू नका, आधी तळाचे भोक मोकळे आहे का ते पाहा.

कॅल्शियम कमी पडून टोमॅटोचे बूड काळे पडले की सगळे अंड्याची टरफले सुचवतात. ती कुजायला महिनोन् महिने लागतात. कॅल्शियम फळापर्यंत पाण्यातूनच पोचते, त्यामुळे एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल हा प्रकार थांबवणे हाच खरा उपाय.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही राहिले तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

हंगाम संपल्यावर माती उन्हात पसरून वाळवा, तिसरा हिस्सा नवे खत मिसळा आणि त्या कुंडीत लगेच टोमॅटो, मिरची किंवा वांगे लावू नका. त्याऐवजी मेथी किंवा चवळी लावा.