रिलोडिंगसाठी बुलेट घेताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत राहून रेंजवर जाणाऱ्या आणि घरी पिस्तुलाची काडतुसं रिलोड करायला, म्हणजे रिकाम्या केस पुन्हा भरायला, लागलेल्या मंडळींसाठी लिहितोय. भारतात कोणी वाचत असेल तर तिकडे हे करायला जाऊ नका, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं सरळ गुन्हा आहे.

आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अख्खं असतं ते काडतूस, त्यात केस (धातूची नळी), प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि पुढे बुलेट, म्हणजे बॅरलमधून बाहेर उडणारा तुकडा. इथे विषय फक्त त्या बुलेटचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी बुलेट घ्यायची आणि मग तिचा डेटा, म्हणजे किती पावडर आणि काडतुसाची लांबी किती ते, शोधत बसायचं. मी हेच केलं, सेलमध्ये ९ एमएमच्या १४७ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट स्वस्त दिसल्या म्हणून हजार उचलल्या, पुस्तकात त्याच वजनाच्या दुसऱ्याच आकाराच्या बुलेटसाठी दिलेली लांबी धरून दोनशे काडतुसं भरली, आणि माझ्या सीझेड पिस्तुलाच्या बॅरलमध्ये एकही नीट बसेना. माझ्या बुलेटचं नाक जाड होतं, ते पुढे रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) जाऊन टेकत होतं. दोनशेच्या दोनशे हातोडीवाल्या पुलरने ठोकून उघडली, दोन संध्याकाळी गेल्या.

बरं, मग बुलेट अजून आत दाबली की झालं, असं वाटतं ना? अजिबात नाही! ९ एमएमची केस जेमतेम १९ मिलिमीटरची, जड बुलेट आधीच लांब, ती आत गेली की पावडरची जागा कमी होते आणि प्रेशर झपकन वाढतं. म्हणजे वजन सारखं असलं तरी आकार बदलला की डेटा बदलला. त्यामुळे आधी बुलेट बनवणाऱ्याचा किंवा मॅन्युअलचा डेटा बघायचा, तो नेमका त्याच बुलेटचा आहे ना याची खात्री करायची, मगच पैसे द्यायचे, आणि पहिल्यांदा शंभरचंच पाकीट घ्यायचं. पावडर, प्रायमर न घालता एक डमी बनवा, बॅरल काढून त्यात सोडा. टुक्कन खाली बसली, बोटाने गोल फिरली आणि बॅरल उलटं केल्यावर आपोआप पडली तर लांबी जमली.

दुसरं म्हणजे नावावर जाऊ नका. ३८ स्पेशलची बुलेट ०.३८ इंचाची नसते, ०.३५७ असते. ९ एमएम ल्यूगरला ०.३५५ लागते आणि ९ एमएम मॅकारोव्हला ०.३६५ च्या आसपास, दोन्हीच्या नावात ९ एमएम! नुसत्या शिशाची बुलेट त्याहून साधारण एक हजारांश इंच जास्त जाड घेतात, म्हणजे ल्यूगरला ०.३५६. बॅरलमध्ये शिसं चिकटायला लागलं की लोक लगेच म्हणतात शिसं मऊ आहे, पण बऱ्याचदा बुलेट बारीक असते आणि गरम गॅस बाजूने निसटून तिला वितळवतो. चांगला मायक्रोमीटर घ्याच. आणि ग्लॉक पिस्तुलासारखं पॉलिगोनल बॅरल (आतून धारदार खाचांऐवजी गोलसर बहुकोनी) असेल तर नुसतं शिसं नको, कंपनी स्वतःच नाही म्हणते.

प्लेटेड बुलेट तांब्याच्या रंगाची दिसते म्हणून तिला जॅकेटेड (जाड धातूचं कवच असलेली) समजू नका, तांब्याचा थर पातळ असतो, क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) जास्त झाला तर तो कापला जातो आणि नेम पार बिघडतो. वेगाची मर्यादा बनवणाऱ्याने दिलेली असते ती पाळा.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनो, मॅग्नम, म्हणजे जास्त जोराची काडतुसं, भरताना बुलेटवर क्रिम्पसाठी खाच आहे का बघा, नसेल तर धक्क्याने बाकीच्या काडतुसांमधल्या बुलेट पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकतो. आणि ३८ च्या पोकळ बुडाच्या वॉडकटर (सपाट नाकाच्या टार्गेट बुलेट) फक्त हळू टार्गेट लोडसाठी, जोरात मारल्या तर बुडाची कड तुटून बॅरलमध्येच राहू शकते, आणि ते न कळता पुढचा शॉट मारला तर बंदूकही जाईल आणि हातही.

उरलेल्या बुलेट एका बरणीत एकत्र टाकू नका, ११५ आणि १२४ ग्रेन नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. मूळ डब्यातच ठेवा, आणि टेबलावरून उठलात की चहाचा कप धरायच्या आधी साबणाने हात धुवा, शिसं पोटात जातं, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यापर्यंतही पोचतं.